वॉकर, फुलर, टकर: इंग्रजी आडनावाचा माग कसा काढायचा

मुलतानी मातीचं पाकीट उलटं करून बघा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात बहुतेक वेळा 'फुलर्स अर्थ' लिहिलेलं असतं, म्हणजे फुलरची माती. हा फुलर कोण होता आणि त्याला माती कशाला लागायची, एवढं समजलं की इंग्रजी आडनावं वाचण्याची निम्मी वाट कापून होते.

माझ्या मैत्रिणीची लेक लग्न होऊन लीड्सला गेली. सासरचं आडनाव वॉकर. पहिल्या दिवाळीला फोनवर तिनं विचारलं, "मावशी, वॉकर म्हणजे चालणारे का गं? यांच्यात कुणी टपालवाला होता का?" मी कित्येक वर्षं हौसेनं इंग्रजी आडनावांच्या मागे असते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. तिला जे टप्प्याटप्प्यानं सांगत गेले तेच इथे लिहिते. उदाहरणाला वॉकरच घेऊ, आणि त्याची दोन भावंडं, फुलर आणि टकर, बरोबर ठेवू.

ही तिन्ही आडनावं आपल्या इतिहासातही भेटतात. १८०२ मध्ये बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, म्हणून आलेला आणि १८०७ मध्ये काठियावाडातल्या संस्थानिकांची खंडणी बांधून देणारा तो अलेक्झांडर वॉकर. १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या इमारतीचा आराखडा केला तो कर्नल फुलर. १८८२ मध्ये मुंबईत मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) काम सुरू केलं तो फ्रेडरिक टकर. एक स्कॉटिश फौजी अधिकारी, एक इंजिनिअर, एक धर्मप्रचारक. तिघांच्या आडनावांचा अर्थ मात्र एकच आहे.

पहिली पायरी: आजचा अर्थ बाजूला ठेवा

आडनाव आजच्या इंग्रजीत वाचलं की हमखास चुकतं. ते ज्या काळात माणसाला चिकटलं त्या काळच्या भाषेत वाचावं लागतं. इंग्लंडात १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन आले, त्यानंतर जमीनदार घराण्यांत वंशपरंपरागत आडनावं रुजू लागली. सामान्य माणसांपर्यंत ती यायला पुढची दोन-तीनशे वर्षं गेली, आणि १४०० च्या सुमाराला बहुतेक इंग्रज घरांना आडनाव होतं. त्याआधी गावात चार जॉन असले तर लोक ओळखीसाठी काहीतरी जोडायचे. बापाचं नाव जोडलं की जॉन्सन झाला. राहण्याची जागा जोडली की हिल किंवा वुड. अंगावरची खूण जोडली की रसेल, म्हणजे लाल केसांचा. आणि धंदा जोडला की स्मिथ, टेलर, वॉकर. आपल्याला हे नवीन नाही, पुणेकर आणि सोनार याच रीतीनं झाले.

वॉकरचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'वेआल्कन' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ लोळवणं, उलटंपालटं करणं. 'पायी चालणं' हा अर्थ या शब्दाच्या कुळाला नंतर चिकटला. तेव्हा वॉकर म्हणजे कापड लोळवणारा, तुडवणारा. फुलरचा उगम लॅटिनमध्ये आहे, तो शब्द जुन्या इंग्रजीत होताच आणि नॉर्मनांच्या फ्रेंचमुळे आणखी पक्का झाला. टकर जुन्या इंग्रजीतल्या 'टूकिअन' वरून आला, म्हणजे छळणं, हाल करणं. त्या कापडाचे खरोखरच हाल होत असत.

दुसरी पायरी: धंदा डोळ्यांसमोर उभा करा

इथे घाई करू नका. शब्दकोशातली एक ओळ वाचून पुढे गेलात तर आडनाव इतकं का पसरलं हे कधीच उमगणार नाही.

मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर होती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असायचं, धागे सुटे दिसायचे, आणि लोकरीची अंगची चरबी तशीच असल्यामुळे ते चिकट असायचं. ते वापरण्याजोगं करायचं तर चरबी काढायची आणि धागे एकमेकांत गुंतवून वीण घट्ट करायची. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात पडला की आटून जाड होतो, हे ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना ही क्रिया चटकन कळेल. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि मार मिळाला की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. घरी जे नुकसान, ते इथे कसब होतं.

कापड लाकडी कुंडात टाकायचं. त्यावर घरोघरी साठवून शिळं केलेलं मूत्र ओतायचं, कारण शिळ्या मूत्रात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. मग एक-दोन माणसांनी आत उतरून तासन् तास अनवाणी पायांनी ते तुडवायचं. उरलेला तेलकटपणा शोषून घ्यायला एक खास माती चोळायची. हीच ती आपली मुलतानी माती, फुलरची माती. त्यानंतर स्वच्छ पाण्यात धुवायचं आणि आटलेलं कापड लाकडी चौकटीवर आकड्यांना अडकवून ताणत वाळवायचं. त्या चौकटीला टेन्टर म्हणत, आकड्यांना टेन्टरहुक्स. जीव टांगणीला लागला असं आपण म्हणतो तिथे इंग्रज 'ऑन टेन्टरहुक्स' म्हणतो, तो इथूनच.

म्हणून या माणसाला धोबी म्हणू नका. धोबी वापरलेलं कापड धुतो. वॉकर मागावरचं कच्चं कापड पुरं करून देत असे, त्याच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, गेल्याशिवाय ते बाजारात उभंच राहत नसे. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही, कारण आपलं मुख्य कापड सुताचं आणि सुताला हे करावं लागत नाही.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणचक्क्या आल्या. चक्कीनं लाकडी हातोडे उचलायचे आणि कापडावर आपटायचे. ११८५ च्या टेम्पलर सरदारांच्या, म्हणजे एका लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या, मालमत्तेच्या नोंदीत अशा चक्क्या सापडतात, त्यातली एक यॉर्कशरमध्ये, आजच्या लीड्सजवळ. म्हणजे ज्या काळात आडनावं पक्की होत होती त्याच काळात पायांचं काम हातोड्यांकडे जात होतं. पुष्कळ वॉकरांनी कुंडात पाय घातलाच नसेल, ते चक्की चालवत असतील. नाव मात्र पायांचंच राहिलं. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं मावशी, इथून बसनं वीस मिनिटांवर!" तिथून पुढे ती स्वतःच शोधायला लागली.

तिसरी पायरी: नकाशा उघडा

एकाच धंद्याला तीन शब्द का? कारण बोली तीन. उत्तर इंग्लंड, मिडलंड्स आणि स्कॉटलंडमध्ये तो वॉकर. आग्नेयेला आणि ईस्ट अँग्लियात फुलर. नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटच्या बाजूला, टकर. चक्क्यांची नावंही तशीच बदलतात: उत्तरेत वॉक मिल, नैर्ऋत्येत टकिंग मिल. लँकशरमध्ये बर्नलीजवळ वॉक मिल नावाचं गावच आहे. डेव्हनमधल्या एक्झिटर शहरात विणकर आणि कापड पुरं करणाऱ्यांच्या संघाची १४७१ ची इमारत आजही उभी आहे आणि तिचं नाव टकर्स हॉल. वेल्समध्ये गेलात तर चक्कीला 'पंडी' म्हणतात, टोनीपंडी या गावाच्या नावात ती बसलेली आहे.

मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. आडनावाचा अर्थ सांगणारे खूप भेटतात. आडनाव कोणत्या मातीतलं आहे हे विचारणारे थोडे. अर्थ तिघांचा एक, पण माती वेगळी, आणि घराण्याचा शोध घेताना उपयोगी पडते ती माती.

नकाशासाठी १८८१ ची ब्रिटिश जनगणना घ्या. ती नावानिशी पूर्ण उतरवून काढलेली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर तिची सूची फुकट पाहता येते. आडनाव टाका, काउंटीवार, म्हणजे जिल्ह्यावार, आकडे कागदावर उतरवा. पण नुसते आकडे फसवतात. लंडनमध्ये माणसंच इतकी की कोणतंही आडनाव तिथे भरपूर दिसणार. म्हणून प्रत्येक काउंटीचा आकडा तिथल्या लोकसंख्येनं भागा आणि दर दहा हजार माणसांमागे किती निघतात ते बघा. वॉकरचा हिशेब केलात की जोर यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम भागावर येतो, जिथे लोकरीचा धंदा सगळ्यात दाट होता.

१८८१ म्हणजे कारखाने आणि रेल्वेनंतरचा काळ, तोवर माणसं हलली नसतील का, अशी शंका येणं रास्त आहे. हलली होती, पण बहुतेक जवळच्या जवळ. आडनावं आपल्या जुन्या जागेभोवती चिवटपणे टिकून राहतात, हे एकदा स्वतः नकाशा रंगवून बघितल्याशिवाय पटत नाही. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजानं अमेरिकेला गेलेले फुलर बंधू कुठले होते? ईस्ट अँग्लियातल्या नॉर्फकमधल्या रेडनहॉलचे. अगदी फुलरच्या मुलखातले.

चौथी पायरी: जुनं लिखाण बघा

आता नकाशानं सांगितलेल्या मुलखात मागे जा. १३७७, १३७९ आणि १३८१ असा तीनदा इंग्लंडात डोईपट्टीचा कर बसवला गेला आणि त्याच्या याद्यांचा मोठा भाग छापून निघालेला आहे. वेस्ट रायडिंगची १३७९ ची यादी तर आडनावांच्या अभ्यासकांना खजिनाच, कारण तिथे पुष्कळांच्या नावापुढे धंदाही दिला आहे. एखाद्याचं आडनाव वॉकर आणि धंदाही कापड तुडवण्याचा असेल तर ते अजून टोपणनावासारखं वापरात असावं. आडनाव वॉकर आणि धंदा दुसराच, तर ते बापाकडून मुलाकडे आलेलं आहे. एका ओळीत आडनाव पक्कं होताना दिसतं, आणि ते दिसलं की आनंद होतो.

नावाआधी 'ले' दिसला तर गोंधळू नका. तो कारकुनांच्या फ्रेंच सवयीचा भाग आहे, 'ले वॉकर' म्हणजे तो वॉकर. स्पेलिंगचंही तसंच. एकाच घराचं नाव तीन पानांवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं. स्पेलिंग निराळं म्हणजे घराणं निराळं, असं एकोणिसाव्या शतकाच्या आधी धरून चालू नका.

जुने उल्लेख आणि अर्थ एका ठिकाणी हवे असतील तर ऑक्सफर्डनं २०१६ मध्ये छापलेला ब्रिटन व आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश बघा. ब्रिटनमध्ये राहत असाल तर सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदत्वावर तो घरबसल्या वाचता येतो का ते विचारून घ्या.

पाचवी पायरी: किती लोक, हे नीट मोजा

इंग्लंडात वॉकर पहिल्या वीस आडनावांत मोडतं. इतकं का? काम गावोगावी होतं म्हणून. प्रत्येक लोकरीच्या खोऱ्यात एक चक्की, तिथे एक वॉकर, आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असण्याचं काही कारण नाही. स्मिथ पहिल्या क्रमांकावर आहे तोही याचसाठी. याच कारणानं, दोन वॉकर भेटले म्हणजे ते भाऊबंद, असं कधी समजू नका.

क्रमांक आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत वॉकर २८ व्या स्थानावर होतं, साधारण ५ लाख माणसं. २०१० मध्ये ती सुमारे ५ लाख २३ हजार झाली आणि क्रमांक घसरून ३१ झाला. वॉकर कमी झाले नव्हते, पेरेझ, सांचेझ आणि रामिरेझ ही स्पॅनिश आडनावं पुढे निघून गेली होती. 'आडनाव लोकप्रिय होतंय' असं कुणी म्हणालं की आधी विचारा: संख्या वाढली की क्रमांक?

अमेरिकेतल्या वॉकरांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण मोठं आहे. तिथे यॉर्कशरचं खोरं शोधत बसण्यात अर्थ नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी आडनावं निरनिराळ्या कारणांनी घेतली, कधी पूर्वीच्या मालकाचं, कधी स्वतःला आवडलेलं. लग्नानंही नाव येतं. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात नाव कमावलेल्या मॅडम सी. जे. वॉकर जन्मानं सेरा ब्रीडलव्ह होत्या, वॉकर हे नवऱ्याचं आडनाव. आपले बडोद्याचे वॉकर स्कॉटलंडच्या फाइफमधले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तर गेलिक भाषेतल्या 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा आडनावाचं भाषांतर करून काहींनी वॉकर घेतलं. टकरसाहेबांनी १८८८ मध्ये मुक्तिफौजेच्या संस्थापकांची मुलगी एमा बूथ हिच्याशी लग्न केलं आणि पुढे ते बूथ-टकर झाले. शब्दाचं मूळ आणि माणसाचं मूळ या दोन वाटा आहेत, त्या कधी मिळतात, कधी मिळत नाहीत.

सहावी पायरी: एका घराचा माग

हा भाग सगळ्यांना आधी हवा असतो. मी तो मुद्दाम उशिरा सांगते. नियम एकच: आजपासून मागे जायचं, एकही पिढी न गाळता.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. जन्मनोंदींच्या सरकारी सूचीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं आणि ती सूची ऑनलाइन बघायला पैसे पडत नाहीत. लग्नाच्या दाखल्यावर वर आणि वधू दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. तो दाखला विकत घ्या, पैसे वाचवू नका. जनगणना १८४१ पासून १९२१ पर्यंत नावानिशी खुल्या आहेत. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली आहेत, त्यामुळे तीस म्हणजे चौतीसही असू शकतो. १८५१ पासून जन्मगाव मिळतं. १९३१ ची कागदपत्रं आगीत गेली आणि १९४१ ची मोजणी युद्धामुळे झालीच नाही, ती पोकळी १९३९ च्या सप्टेंबरात केलेल्या नोंदणीनं थोडी भरून निघते. १८३७ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या, ज्या ठेवायचा हुकूम १५३८ मध्ये निघाला. प्रत्येक गावात त्या पहिल्यापासून टिकलेल्या नाहीत.

लेकीच्या सासरच्यांचा माग काढताना माझी मोठी चूक झाली. हडर्सफील्डच्या बाजूच्या एका गावात १८५१ च्या जनगणनेत दोन जॉन वॉकर होते. दोघांचं वय एक, दोघंही विणकर. मी त्यातला एक धरला आणि त्याच्या मागे तीन पिढ्या रचल्या. आठ महिन्यांनी लग्नाचा दाखला हातात आला. त्यावर वडिलांचं नाव जोसेफ. मी ज्याच्या मागे गेले त्याचा बाप विल्यम. सगळं पुसावं लागलं, आणि तोवर सासूबाईंनी ती वंशावळ नातवंडांना दाखवलीही होती, याचं फार वाईट वाटलं. आडनाव जितकं सामान्य तितकी ही भीती मोठी. एका नोंदीवर विसंबू नका. नाव, गाव, बायकोचं नाव आणि धंदा यातल्या किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय पुढची पिढी लिहू नका.

टाळायच्या दोन गोष्टी

'तुमच्या आडनावाची ढाल' म्हणून रंगीत चित्रं विकायला असतात. घेऊ नका. इंग्लंडात असं ढालीवरचं कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेलं असतं, आणि हे काम बघणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून लंडनमध्ये आहे. कापड तुडवणाऱ्याच्या नावात लाज वाटावी असं काही नाही, त्यावर सिंह चिकटवायची गरज नाही.

दुसरं, एकाच उगमावर समाधान मानू नका. न्यूकॅसलमध्ये वॉकर नावाचा भाग आहे. त्या नावाचा अर्थ 'भिंतीजवळची दलदल', आणि ती भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची. एखादं वॉकर घराणं त्या गावावरूनही नाव घेऊन आलेलं असू शकतं. म्हणूनच नकाशा आधी आणि अर्थ नंतर.

इकडे जन्मलेल्या इंग्रजांसाठी

मुंबई इलाख्यात जन्मलेल्या एखाद्या इंग्रजाचा शोध असेल तर इंग्लंडातल्या गावच्या वह्यांत तो सापडणार नाही. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईच्या नोंदी 'एन/३' या मालिकेत शोधा. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांसाठी काम करणारी फिबिस ही संस्था आहे, तिच्या सूचीत फुकट शोधता येतं. आधी तिथे बघा आणि मग दप्तराकडे वळा.

हात बसवायला पुढचं आडनाव सुचवते: लिस्टर. अर्थ रंगारी, लोकरीला रंग देणारा. त्याचंही एक भावंड आहे, डायर. कागदाच्या डाव्या बाजूला काउंटींची नावं लिहा, दोन रकाने आखा आणि १८८१ चे आकडे भरायला बसा. कोणता मुलूख कोणाचा ते एका संध्याकाळी दिसेल.